जुन्या संगणकासाठी रिरायटेबल सीडी: एरर एकीकडे, दोष दुसरीकडे

आमच्या वाड्यावरच्या वाचनालयातल्या संगणकाच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताच आधी जागा होणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, बूट होण्यासाठी चारच पर्याय आहेत: फ्लॉपी, हार्ड डिस्क, सीडीरॉम आणि लॅन. यूएसबीचं नावच नाही. मागच्या बाजूला यूएसबीचे पोर्ट आहेत, विंडोज एक्सपी चालत होतं तेव्हा पेन ड्राइव्ह दिसायचाही, पण पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करणं या बायोसला ठाऊक नाही. आणि यंदाच्या पावसाळ्यात एक्सपी निळ्या पडद्याच्या पुढे जायचं थांबलं.

मशीन गेलं म्हणून कोणी रडलं नसतं. पण आत मास्तरांनी केलेली पुस्तकांची सूची होती. मास्तर म्हणजे आमचे प्राथमिक शाळेतले मराठीचे शिक्षक. निवृत्तीनंतर त्यांनी वाचनालयातलं एकेक पुस्तक हातात घेऊन श्रीलिपी फॉन्टात त्याची नोंद टाइप केली: लेखक, प्रकाशक, साल, कोणी भेट दिलं, कोणत्या कपाटात आहे. त्याची प्रत फ्लॉप्यांवर होती. अंत्रुजातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, दमट हवेत फ्लॉप्यांचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको.

हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायची, हा सरळ उपाय. पण ती आयडीई, म्हणजे रुंद पट्टीसारख्या केबलची. तसा अडॅप्टर फोंड्यात मिळाला नाही, पणजीतही नाही. शिवाय मास्तरांचा हट्ट होता, "बाय, नुसती सूची काढून काय करू? मला मशीन पण हवं." तेव्हा लाइव्ह लिनक्सची, म्हणजे हार्ड डिस्कवर न बसवता थेट चालणाऱ्या लिनक्सची, सीडी करायची, तिच्यावरून मशीन उठवायचं, सूची पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि जमलं तर त्याच लिनक्सवर मशीन चालवायचं असं ठरलं. मी घरून भाषांतराची कामं करते, संगणक दुरुस्ती हा माझा धंदा नाही. पण वाड्यावर संगणकाला काही झालं की हाक मलाच येते.

मशीन ३२ बिटचं, रॅम ५१२ एमबी. इथेच निवड आवळून येते. डेबियन या लिनक्सने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या जुन्या पीसींसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. मी आधी डॅम स्मॉल लिनक्स घेतलं. मूळचं हे लिनक्स अवघं ५० एमबीचं होतं; २०२४ मध्ये ते पुन्हा सुरू झालं तेव्हा ५० एमबीचा हट्ट सोडून '७०० एमबीच्या सीडीत मावलं पाहिजे' एवढीच अट ठेवली गेली. म्हणजे सीडी जवळजवळ काठोकाठ भरणार. ही गोष्ट पुढे महागात पडली.

सीड्या फोंड्यातल्या एका फोटो स्टुडिओत मिळाल्या. एके काळी लग्नाचं शूटिंग व्हीसीडीवर द्यायचे, त्या काळचा साठा कपाटात तसाच पडून होता. स्टुडिओवाला म्हणाला, "ताई, सीडी आतां कोण वापरता मरे? व्हरा सगळ्यो." पैसे घ्यायलाही तयार नव्हता. एकेकाळी मोझर बेअरच्या व्हीसीड्या २८ रुपयांना गल्लोगल्ली मिळायच्या; ती कंपनीच २०१८ मध्ये अवसायनात निघाली. कपाटातल्या डिस्क वेगवेगळ्या ब्रँडच्या होत्या. काही सीलबंद, काही वापरलेल्या, आणि सगळ्या रिरायटेबल, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या. मला तेच हवं होतं, कारण कोणतं लिनक्स त्या मशीनवर उठेल याचा भरवसा नव्हता आणि प्रत्येक प्रयोगाला एकदाच लिहिता येणारी एक सीडी-आर कायमची घालवायची इच्छा नव्हती.

राईट करण्याआधी एक काम केलं, आणि त्यामुळे पुढे बराच गोंधळ टळला. उतरवलेल्या आयएसओ फाइलचा, म्हणजे अख्ख्या सीडीची नक्कल असलेल्या 'इमेज'चा, एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठशासारखा आकडा) काढून वेबसाइटवर दिलेल्या आकड्याशी ताडून पाहिला. जुळला. म्हणजे फाइल निर्दोष. यानंतर जे काही बिघडेल ते डिस्कमध्ये, राईट करणाऱ्या ड्राइव्हमध्ये, मधल्या केबलमध्ये किंवा वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये. नुसती फाइलची साइझ बघून समाधान मानणारे लोक मी पाहिलेत. साइझ जुळूनही आतला एखादा तुकडा बिघडलेला असू शकतो.

पहिली अडचण वापरलेल्या डिस्कची. ड्राइव्हमध्ये टाकली की तिच्यावरच्या फाइली दिसायच्या, राईट करायला गेलं की सॉफ्टवेअर म्हणायचं, डिस्क रिकामी नाही. 'क्विक इरेज' दिलं तर ते काही सेकंदांत यशस्वी व्हायचं आणि राईट सुरू होताच एरर. उलगडा डिस्कच्या आकड्यात होता. ७०० एमबीची डिस्क जेमतेम ५७० एमबी दाखवत होती. स्टुडिओवाल्याने कधी काळी ती पेन ड्राइव्हसारखी वापरता यावी म्हणून पॅकेट रायटिंगसाठी फॉरमॅट केली होती. त्या पद्धतीत डेटाच्या दर ३२ ब्लॉकांमागे ७ ब्लॉक नुसत्या जोडणीत जातात, म्हणून शंभराहून जास्त एमबी गायब. क्विक इरेज डिस्कची फक्त अनुक्रमणिका आणि सुरुवातीचा थोडा भाग पुसतं. बाकीचा जुना मजकूर आहे तिथेच राहतो. काही ड्राइव्ह ते खपवून घेतात, माझा घेत नव्हता. 'फुल इरेज' दिलं. ४ एक्स, म्हणजे सीडीच्या मूळ वेगाच्या चौपट, वेगाने ८० मिनिटांची डिस्क पूर्ण पुसायला २० मिनिटं लागतात, पण त्यानंतर डिस्क खऱ्या अर्थाने कोरी होते. जुनी रिरायटेबल हातात आली की मी आता क्विक इरेजच्या वाटेला जातच नाही.

पुसणं म्हणजे नेमकं काय होतं ते इथे सांगायला हवं, कारण पुढचे निम्मे एरर त्यातूनच येतात. रिरायटेबल सीडीत रंगद्रव्य नसतं. चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेलुरियम यांच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो. लेझरने तो वितळेपर्यंत, म्हणजे ५०० अंश सेल्सिअसच्या वर, तापवला आणि लगेच थंड होऊ दिला की त्या ठिकाणची स्फटिकरचना मोडते. तो ठिपका प्रकाश कमी परतवतो. सुमारे २०० अंशांपर्यंत तापवला तर स्फटिक पुन्हा जुळतात, ते पुसणं. साधारण १००० वेळा असं करता येतं म्हणतात. म्हणजे लेझरची ताकद तीन टप्प्यांत अचूक लागते: वाचायला कमी, पुसायला मध्यम, लिहायला जास्त. त्यात थोडीशी जरी चूक झाली तर एकतर पूर्ण पुसलं जात नाही, नाहीतर लिहिलेलं नीट उमटत नाही.

म्हणून प्रत्येक वेळी राईट करण्याआधी ड्राइव्ह डिस्कच्या अगदी आतल्या कडेला राखून ठेवलेल्या पट्टीवर थोडं लिहून, वाचून, लेझरची ताकद ठरवतो. आमटीत मीठ किती पडलंय ते चाखून बघावं तसं. ही चाचणीच फसली की येतो तो प्रसिद्ध 'पॉवर कॅलिब्रेशन एरिया एरर'. लॉगमध्ये त्याचा कोड ७३, ०३. मला तो वारंवार भेटला, काहीच लिहिलं जाण्याआधी, पहिल्या काही सेकंदांत.

यावर कुणालाही विचारलं की हमखास मिळणारा सल्ला: "वेग कमी करा." माझ्या मते अर्ध्या वेळा हा सल्ला कुचकामी असतो. रिरायटेबल डिस्कला जसा कमाल वेग असतो तसा किमान वेगही असतो. १९९७ मध्ये सीडी-आरडब्ल्यू, म्हणजे या रिरायटेबल सीड्या, आल्या तेव्हा त्या १ ते ४ एक्सच्या होत्या. मग 'हाय स्पीड' आल्या, त्या ४ एक्सपासून पुढे. मग 'अल्ट्रा स्पीड', २४ एक्सपर्यंत जाणाऱ्या. अल्ट्रा स्पीड डिस्कला '४ एक्सने लिही' म्हणणं निरर्थक, ती तेवढ्या हळू लिहिण्यासाठी घडवलेलीच नाही. आणि जुन्या ड्राइव्हना अल्ट्रा स्पीड डिस्क लिहिताच येत नाही; सॉफ्टवेअर त्या वेळी वेगाबद्दल काही बोलत नाही, 'इनकम्पॅटिबल मीडियम' एवढंच म्हणतं. माणसाला वाटतं डिस्क खराब.

हे डिस्कच्या तोंडूनच वदवून घेता येतं. प्रत्येक कोऱ्या डिस्कमध्ये कारखान्यातूनच एक वळणदार खाच कोरलेली असते आणि त्या वळणांत तिची माहिती दडवलेली असते. तिला एटिप म्हणतात. लिनक्सवर वोडिम या राईट करणाऱ्या प्रोग्रॅमला नुसती एटिप विचारली की तो लिहिण्याचा प्रयत्न न करता ती वाचून दाखवतो: डिस्क पुसता येण्यासारखी आहे का, हाय स्पीड आहे की अल्ट्रा, किमान वेग, कमाल वेग, आणि जागा कुठे संपते. विंडोजवर इमेजबर्न उजव्या बाजूला हीच माहिती दाखवतो. २०१३ नंतर त्याची नवी आवृत्ती आलेली नाही, तरी या कामासाठी मला त्याच्यापेक्षा बोलकं दुसरं काही सापडलं नाही. विंडोज ७ पासून विंडोजमध्येच इमेज बर्न करायची सोय आहे, पण ती एरर आला की एक मोघम वाक्य टाकते आणि गप्प बसते. एररचा कोडच हातात येत नसेल तर शोधणार काय?

मी सगळ्या डिस्कची एटिप वाचून त्यांच्यावर मार्करने वेग लिहिले. ढीग लगेच तीन झाले. त्यात एक छोटी, पण कामाची गोष्ट कळली: काही डिस्क ७४ मिनिटांच्या होत्या. एकीवर शेवटची जागा सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा एक तुकडा) ३,३६,०७५ अशी होती. प्रत्येक सेक्टरमध्ये २०४८ बाइट, म्हणजे ६८ कोटी ८२ लाखांच्या आसपास बाइट. ८० मिनिटांच्या डिस्कमध्ये ८० गुणिले ६० गुणिले ७५, म्हणजे ३,६०,००० सेक्टर, सुमारे ७३ कोटी ७२ लाख बाइट. हीच संख्या दोनदा हजाराने भागली तर ७३७ एमबी दिसते आणि दोनदा १०२४ ने भागली तर ७०३. एका प्रोग्रॅमला 'मावेल' वाटणारी इमेज दुसऱ्याला 'मावणार नाही' का वाटते, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. एमबीत मोजायचंच नाही. फाइलचे बाइट २०४८ ने भागायचे आणि एटिपमधल्या सेक्टरशी ताडायचे.

कॅलिब्रेशनचा एरर मात्र नीट निवडलेल्या डिस्कवरही येत होता. मग पद्धत बदलली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. माझ्याकडे डेस्कटॉपमधला जुना ट्रेवाला ड्राइव्ह होता आणि मैत्रिणीकडून आणलेला पातळ यूएसबी ड्राइव्ह होता. तीच डिस्क दोन्हींत, मग दुसरी डिस्क दोन्हींत, असं करत वहीत मांडत गेले. चित्र झटकन स्पष्ट झालं. यूएसबी ड्राइव्हला डिस्क कोणतीही द्या, मध्येच तो गायबच व्हायचा. फाइल मॅनेजरमधून त्याचं नावच जायचं. लॉगमध्ये कधी राईट एरर, कधी डिस्कच नाही म्हणून तक्रार. डिस्कचा इथे संबंधच नव्हता. ड्राइव्ह कीबोर्ड-माउस लावलेल्या स्वस्त हबवर होता. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो. डिस्क फिरवायला आणि लेझर लिहिण्याच्या ताकदीला न्यायला काही ड्राइव्हना त्याहून जास्त लागतात, म्हणूनच त्यांच्या केबलला दोन यूएसबी टोकं असतात. मैत्रिणीने दुसरं टोक कधी वापरलंच नव्हतं, कारण नुसतं वाचायला एक पुरतं. दोन्ही टोकं थेट मशीनच्या मागच्या पोर्टांत लावली आणि ड्राइव्ह गायब होणं बंद झालं.

डेस्कटॉपच्या ड्राइव्हचं दुखणं वेगळं होतं. तो डीव्हीडी वाचायचा, छापील सीडी वाचायचा, पण कोणत्याही रिरायटेबलवर कॅलिब्रेशन फसायचं. इथे दोष भिंगाचा. ड्राइव्ह उघडून बघितला तर लेन्सवर ओठांची वाफ बसावी तशी धूसर पापुद्री. आपल्याकडे जूनपासून चार महिने कपड्यांना, पुस्तकांना, चपलांना बुरशी येते; लेन्स कशी सुटेल? कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओली करून, न दाबता, मधून बाहेर हळूच फिरवली. लेन्स बारीक तारांवर तरंगत असते, जोर लावला तर ड्राइव्ह कायमचा जातो. बाजारात ब्रश लावलेली 'क्लीनिंग सीडी' मिळायची, तिच्यावर माझा विश्वास नाही. फिरत्या ब्रशने लेन्सवर फटके मारणं ही मला स्वच्छतेची रीत वाटत नाही. लेन्स पुसल्यावर सीलबंद हाय स्पीड डिस्कवर कॅलिब्रेशन एकदम पार पडलं.

मग आला सगळ्यात चिडवणारा प्रकार. राईट सुरळीत सुरू व्हायचं, पट्टी पुढे सरकायची, आणि ६०० एमबीच्या पुढे कुठेतरी 'राईट एरर'. कोड ०सी, ००. डिस्क बदलली तरी साधारण त्याच टापूत. फाइल निर्दोष, ड्राइव्ह आता धड, वीजही त्या दिवशी नीट. उजेडात डिस्क तिरपी धरून बघितली तेव्हा दिसलं. बाहेरच्या कडेला, काठापासून काही मिलिमीटर आतपर्यंत, चांदीसारख्या थरात ढगासारखी पुसट डागाळी शिरली होती. पुसून जाणारी नव्हती, आतली होती. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, हे लोक विसरतात. कडेची झीज, हाताळणी, दमटपणा सगळं आधी बाहेरच्या भागाला लागतं, आणि काठोकाठ भरलेली इमेज शेवटी नेमकी तिथेच पोचते. स्टुडिओवाल्याच्या लग्नाच्या व्हीसीड्या त्याच डिस्कवर निभावल्या असतील. व्हिडिओत एखादा तुकडा वाचता आला नाही तर चित्र क्षणभर फाटतं आणि पुढे जातं. बूट होणाऱ्या सीडीत ते चालत नाही.

डिस्क सुधारण्याचा उपाय नव्हता, म्हणून इमेज बदलली. पपी लिनक्सची ३२ बिटची जुनी आवृत्ती घेतली, तीनशे एमबीच्या आतली. ती डिस्कच्या आतल्या अर्ध्या भागातच संपते, कडेच्या डागाळीपर्यंत जातच नाही. वर तिचा आणखी फायदा म्हणजे ती सुरू झाली की बहुतेक सगळी रॅममध्ये जाऊन बसते, सीडी सतत वाचत बसत नाही. हे आधीच का नाही घेतलं असं मास्तर विचारतील, पण डॅम स्मॉल लिनक्समध्ये नवा ब्राउझर होता आणि वाचनालयात पोरं येऊन दहावीचे निकाल बघतात.

पपी पहिल्या फटक्यात राईट झाली. आणि मग पडताळणीत नापास.

आयएसओचा एसएचए एक, सीडीवरून परत वाचून काढलेला दुसरा. शिवाय वाचताना शेवटी 'इनपुट आउटपुट एरर'. पण शेवटी, फक्त शेवटी. डिस्क 'ट्रॅक अ‍ॅट वन्स' पद्धतीने लिहिली होती. त्या पद्धतीत ट्रॅक संपवताना ड्राइव्ह शेवटी दोन जादा ब्लॉक टाकतो. ते डेटाचे नसतात आणि धड वाचताही येत नाहीत. संगणक मात्र ट्रॅकची लांबी विचारतो तेव्हा तेही मोजून सांगितले जातात. लिनक्सला थोडं पुढचं आधीच वाचून ठेवायची सवय, तो त्या ब्लॉकांवर जाऊन आदळतो आणि कधीकधी त्यांच्या अलीकडचा चांगला मजकूरही गमावतो. डिस्क उत्तम, पडताळणी चुकीची! किती लोकांनी अशा चांगल्या सीड्या कचऱ्यात टाकल्या असतील देव जाणे.

यावर दोन मार्ग आहेत. वाचताना आयएसओच्या बाइटना २०४८ ने भागून येतील तेवढेच सेक्टर वाचायला सांगायचे. बहुतेक वेळा एवढ्याने जुळतं. दुसरा मार्ग म्हणजे डिस्क पुन्हा पुसून 'डिस्क अ‍ॅट वन्स' पद्धतीने लिहायची, तिथे हे जादा ब्लॉक येतच नाहीत. रिरायटेबल असल्याने मी दुसरा मार्ग घेतला. के-थ्री-बी या राईट करण्याच्या प्रोग्रॅममध्ये लिहिण्याची पद्धत बदलायला एकच यादी उघडावी लागते. या वेळी एसएचए अक्षर न अक्षर जुळला.

घरी जुळलेली सीडी घेऊन वाचनालयात गेले. मास्तरांनी चष्मा सारखा केला. मशीन चालू केलं, सीडी ड्राइव्ह घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला, आणि काळ्या पडद्यावर: 'डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टम डिस्क अँड प्रेस एंटर'.

मास्तर म्हणाले, "म्हणजे सीडी कोरीच?"

कोरी नव्हती. छापील सीडी तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ७० टक्के किंवा जास्त परत पाठवते. रिरायटेबल १५ ते २५ टक्केच. वाचणाऱ्या ड्राइव्हला तेवढ्या अंधुक उजेडात काम करावं लागतं. नव्वदच्या दशकातल्या पहिल्या ड्राइव्हना ते जमायचंच नाही. १९९७ मध्ये 'मल्टिरीड' नावाचं मानक आलं आणि त्यानंतरचे ड्राइव्ह जमवू लागले. वाचनालयातला ड्राइव्ह त्यानंतरचाच होता, पण म्हातारा. खात्री करायला त्यात शाळेच्या पुस्तकाबरोबर आलेली एक छापील सीडी टाकली: लगेच वाचली. म्हणजे ड्राइव्ह जिवंत, डिस्क चांगली, पण दोघांचं एकमेकांशी जमत नाही. अशा वेळी दोघांपैकी एकालाही 'खराब' ठरवून चालत नाही.

त्या ड्राइव्हचीही लेन्स पुसली. डिस्कही पुसली, मधून काठाकडे सरळ रेषेत, गोल गोल नाही. गोल फिरवून पुसताना पडलेला ओरखडा ट्रॅकच्या दिशेनेच जातो आणि सलग मजकूर खातो. आडवा ओरखडा प्रत्येक फेरीत थोडासाच खातो, आणि तेवढं सीडीतली चूकदुरुस्तीची सोय भरून काढते. ट्रॅकच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचं नुकसान ती पूर्ण सावरू शकते.

आता मशीन एक पायरी पुढे गेलं. 'आयसोलिनक्स' असं नाव उमटलं आणि लगेच 'डिस्क एरर ८०'. हा एरर मला आधीच्यापेक्षा आवडला. पहिल्या एररमध्ये बायोसला डिस्क दिसलीच नव्हती. आता बूटलोडर, म्हणजे लिनक्स उठवून देणारा सीडीवरचा छोटा प्रोग्रॅम, सुरू होऊन पुढचं वाचताना अडखळत होता. कळ दाबून पुन्हा प्रयत्न करायला सांगितलं तर कधी दोन पावलं पुढे, कधी मागे. ही पुसट वाचनाची खूण.

शेवटी तीच इमेज, तीच पद्धत, तोच ड्राइव्ह, फक्त डिस्क बदलून साध्या सीडी-आरवर उतरवली. रंगद्रव्याच्या सीडीचं परावर्तन छापील सीडीच्या जवळपास असतं. कोणतं लिनक्स या मशीनवर चालेल हे ठरवून झालं होतं, त्यामुळे आता एक सीडी कायमची गेली तरी चालण्यासारखं होतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलेल्या शेजाऱ्याने एका स्टेशनरीवाल्याकडून काही सुट्या सीडी-आर आणून दिल्या होत्या. त्यातल्या एकीवरून वाचनालयाचं मशीन पपीच्या डेस्कटॉपपर्यंत पोचलं. मास्तरांनी माउस हातात घेऊन स्वतः हार्ड डिस्कच्या चिन्हावर क्लिक केलं.

सूची तिथे होती. पेन ड्राइव्ह लावला, पपीने तो ओळखला, सगळं फोल्डर उचलून घेतलं आणि लगेच दुसऱ्या पेन ड्राइव्हवरही प्रत केली. हार्ड डिस्कमधून मध्येच टकटक आवाज येत होता, त्यामुळे आधी सूची आणि मग बाकीचं, असा क्रम लावला होता. बाकीच्यात वाचनालयाच्या जुन्या वार्षिक सभांची इतिवृत्तं होती, त्यातली एक फाइल उघडली नाही.

रिरायटेबल डिस्क वाया गेली नाही. स्टुडिओवाल्याकडच्या एका गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपमध्ये तिने विंडोज न उठता फोटो काढून दिले. तो ड्राइव्ह नवा होता, त्याला पंधरा टक्के उजेड पुरला. तिच्या खोक्यावर मी वेग, मिनिटं, लिहिण्याची पद्धत आणि आयएसओच्या सेक्टरची संख्या लिहून ठेवलीय, म्हणजे पुन्हा पडताळायला एटिप काढत बसायला नको.

सूचीचं काम मात्र अजून चालू आहे. ती श्रीलिपीत असल्याने फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की पुस्तकांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच दिसतो. युनिकोडमध्ये बदलताना साधी अक्षरं नीट येतात, पण रफार आणि जोडाक्षरं मध्येच भलतीकडे जाऊन बसतात. मास्तर संध्याकाळी छापील प्रत घेऊन बसतात, मी पडद्यावर वाचत जाते, आणि 'कर्नाटक' कुठे मोडलंय ते ते माझ्याआधी सांगतात.